नेत्रांतर्गत इंजेक्शन
दृष्टिपटलाच्या, म्हणजे बोलीभाषेत डोळ्याच्या पडद्याच्या, आजारांवर नेत्रगोलातील जेलीसारख्या काचाभ द्रवात थेट औषध सोडण्याची पद्धत. मधुमेहामुळे पडद्याला येणारी सूज, उतारवयातील पीतबिंदूचा ‘ओला’ ऱ्हास व पडद्यातील शीर तुंबणे यांत ती वापरतात. या विकारांत व्हीईजीएफ हे प्रथिन वाढून रक्तवाहिन्या पाझरू लागतात. औषध त्याला बांधून ठेवते. आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये मान्यता मिळालेले बेव्हासिझुमॅब पुढच्याच वर्षी डोळ्यात वापरले जाऊ लागले. खास डोळ्यासाठीचे रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. २०११ च्या अमेरिकी चाचणीत दोन्ही जवळपास सारखीच ठरली. पहिले कितीतरी स्वस्त, त्यामुळे आपल्याकडील रुग्णांसाठी हा निष्कर्ष फार मोलाचा.

रुग्णाला धास्ती असते ती सुईची. प्रत्यक्षात थेंबांनी डोळा बधिर करतात, पोव्हिडोन आयोडीनने निर्जंतुक करतात आणि बुबुळाच्या कडेपासून ३.५ ते ४ मिमी. अंतरावर, पांढऱ्या भागातून, अतिशय बारीक सुईने साधारण ०.०५ मिलि. औषध सोडतात. काम काही सेकंदांचे. जंतुसंसर्ग विरळ, पण गंभीर.

परिणाम काही आठवडेच टिकत असल्याने इंजेक्शने बहुधा पुन्हा घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडू नयेत. इंजेक्शननंतर दुखणे वाढले, लाली वाढली किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.