पुण्यातील लोकहक्कांची वकिली

पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी पुणेकरांच्या तक्रारी वाढल्या आणि त्यांतूनच २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. तिचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी पेशाने वकील. सभासदाने किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, या नियमावर वकिली रीतीची छाप उघड दिसते. सुमारे ६,००० लोकांची मुखत्यारपत्रे घेऊन ९५ जण सभेत आले. सरकारदरबारी अर्ज करताना ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ या प्रश्नाला त्यामुळे कागदोपत्री उत्तर होते. मतदानाचा हक्कच नसलेल्या काळात हे मोल थोडे नव्हे. जोशी पुढे ‘सार्वजनिक काका’ म्हणूनच ओळखले गेले.

खरी कसोटी १८७९ साली लागली. सरकारविरुद्ध बंड करणारे वासुदेव बळवंत फडके जुलैमध्ये पकडले गेले आणि पुण्याच्या सेशन्स कोर्टात त्यांच्यावर खटला उभा राहिला. अशा आरोपीचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे. काकांनी ते घेतले. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, एडनला रवानगी झाली आणि १८८३ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. खटला हरला, तरी बंडखोरालाही बचावाचा हक्क आहे हे पुण्याने भर कोर्टात पाहिले. काका १८८० मध्ये वारले.

लोकांच्या बाजूची ही वकिली एका गटापुरती राहिली नाही. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेत टिळक व चिपळूणकर यांच्यावर केलेल्या टीकेवरून ब्राह्मणेतर चळवळीतील दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे प्रभृतींवर बदनामीचा खटला भरला गेला. खालच्या कोर्टात शिक्षा झाल्यावर १९२६ साली त्यांचे अपील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुण्यात चालवले आणि ते जिंकले. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांतले त्यांचे हे यश ब्राह्मणेतर चळवळीला मोठा आधार देणारे ठरले.

सासवडला जन्मलेले वि. म. तारकुंडे यांनीही पुण्यात वकिली केली. आणीबाणीत, १९७६ साली, जयप्रकाश नारायण यांनी स्थापन केलेल्या नागरी स्वातंत्र्य संघटनेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता.

वकील मिळणे तोवर बहुतांशी वकिलाच्या धैर्यावर आणि पक्षकाराच्या ऐपतीवर अवलंबून होते. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला आणि पात्र व्यक्तींसाठी मोफत वकील हा या कायद्याने दिलेला हक्क झाला. पुण्यात त्यासाठी शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करतात. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट नाही.