द्राक्षपट्ट्यातील सायकलवाटा : सांगली व सातारा

सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस व खानापूर या तालुक्यांतील द्राक्षबागांमधून जाणारे आणि पुढे खटावमार्गे साताऱ्याच्या डोंगरांना भिडणारे कमी वर्दळीचे रस्ते. हे मुळात गावजोड रस्ते. ऊस, द्राक्षे, दूध आणि शाळकरी मुले यांच्यासाठी झालेले. मोठी वाहतूक रत्नागिरी–नागपूर आणि गुहागर–विजापूर या महामार्गांवर गेल्यामुळे त्यांपैकी बरेचसे आज सकाळच्या वेळी सायकलस्वाराला जवळजवळ मोकळे मिळतात.

या मुलखाची ढोबळ वाटणी अशी की, डोंगर साताऱ्याकडे आणि द्राक्षे सांगलीकडे. सायकलस्वाराच्या दृष्टीने खरी मौज आहे ती या दोहोंच्या शिवेवर, म्हणजे शंभू महादेवाच्या डोंगररांगेचे फाटे येरळा आणि अग्रणी या नद्यांच्या खोऱ्यांत उतरतात तेथे. येरळा खटाव तालुक्यात उगम पावते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. अग्रणी खानापूरच्या घाटमाथ्यावरून निघून तासगाव व कवठेमहांकाळ तालुक्यांतून कर्नाटकाकडे जाते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर हा पूर्वेचा टापू पर्जन्यछायेत आहे. हवा कोरडी, माती हलकी आणि निचऱ्याची, त्यामुळे द्राक्ष मानवले. पाणी मात्र विकत, टँकरने किंवा उपसा करून. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी चढावर नेले, आणि त्या पाण्याबरोबर बागाही चढावर सरकल्या. जुन्या माणसांना कुसळी माळ म्हणून आठवणाऱ्या जागी आज तारांचे मांडव दिसतात.

इटलीतील किआन्ती किंवा लांगे येथील द्राक्षटेकड्यांशी या भागाची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती बेताने करावी. तेथे मद्य हाच व्यवसायाचा कणा आहे. येथे द्राक्षे खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी पिकतात. राज्य शासनाच्या २००१ सालच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणातून नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस अशा दोन ठिकाणी वाइन पार्क उभारण्यात आले, तरी नाशिकसारखी वाइनची पर्यटनसंस्कृती पलूसला रुजली नाही. चवीच्या पेल्यासाठी येथे येणाऱ्याची निराशा होईल. इटलीकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. तस्कनीतील गायोले या गावी १९९७ पासून जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ ही फेरी भरते. तिच्यामागची एक खटपट पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर डांबर पडू नये यासाठीची होती. आपल्याकडे कच्चा रस्ता राहावा म्हणून कोणी हट्ट धरील, ही कल्पनाच अवघड.

तासगाव हे या वाटांचे केंद्र. सांगलीहून ते पंचवीसेक किलोमीटरवर आहे आणि रस्ता बहुतांशी सपाट असल्यामुळे नवख्यालाही जमतो. गावात पटवर्धनकालीन गणपती मंदिर असून त्याचे दाक्षिणात्य धाटणीचे सात मजली गोपुर लांबूनच दिसू लागते. थॉमसन सीडलेसमधून निवडलेला ‘तास-ए-गणेश’ हा द्राक्षवाण याच भागातला, आणि त्याच्या नावात गाव आणि देव दोन्ही आले आहेत. तासगावहून मणेराजुरी, गव्हाण, अंजनी व सावळज असा पूर्वेकडचा फेरा द्राक्षपट्ट्याच्या अगदी पोटातून जातो. चढ छोटे पण लागोपाठ आहेत. एक संपला म्हणेपर्यंत ओढ्यावरचा उतार आणि पुन्हा दुसरा चढ. गिअर बदलून हात दुखतात, पाय नव्हे, अशी येथील सायकलस्वारांची थट्टा आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात या रस्त्याकडेला बेदाण्याची शेड भरलेली असतात. लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर जाळीचे एकावर एक थर, वर पत्रा किंवा कागद, बाजूंना हिरवे शेडनेट. तोडलेले घड पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून या जाळ्यांवर पसरतात. त्यामुळे सालीवरील मेणाचा थर मोडून पाणी लवकर उडते. दोन आठवड्यांच्या आसपास मणी सुकून हलके झाले की रॅक हलवून ते खाली पाडतात आणि मग देठ काढणे, धुणे, प्रतवारी सुरू होते. रंग पिवळसर राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. वाऱ्याच्या दिशेला शेड असेल तर चढावर धापा टाकणाऱ्याच्या घशाला ती आधी कळते. अवेळी पाऊस आला तर जाळीवरचा सगळा माल काळा पडतो, त्यामुळे मार्चमधला ढगाळ दिवस सायकलस्वाराला सुखाचा आणि बागायतदाराला जिवावरचा असतो. या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले असून तासगाव व सांगली येथील सौद्यांना परराज्यांतले व्यापारीही येतात.

चढाची हौस असणाऱ्याने तासगावहून उत्तरेला खानापूरचा घाटमाथा गाठावा. पठारावर पळशीच्या परिसरात निर्यातीच्या द्राक्षांच्या बागा आहेत. त्यापुढे बाणूरगड ऊर्फ भूपाळगड लागतो. शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांची समाधी येथे असल्याची परंपरा आहे. उघड्या पठारावर सावलीचे झाड विरळा आणि वारा अखंड. मिरजेच्या पूर्वेचा दंडोबाचा डोंगर त्या मानाने घरगुती. मिरज व कवठेमहांकाळ या तालुक्यांच्या हद्दीवर असलेल्या या राखीव वनात खडकात खोदलेले महादेवाचे देऊळ असून वरपर्यंत रस्ता गेला आहे. मालगावच्या बाजूने गेल्यास महामार्ग बराचसा टळतो. वरून चहूबाजूंना बागांचे चौकोन दिसतात, आणि मांडवाखालचे शेत झाडांच्या शेतापेक्षा किती वेगळे हिरवे असते ते लक्षात येते.

पलूस–कुंडल–देवराष्ट्रे ही वाट अंतराने थोडी, पण सायकलच्या इतिहासाशी तिचे नाते थेट आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. ते सायकली विकत, दुरुस्त करत आणि चालवायलाही शिकवत. पुढे तेथील जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्थानकालगतची माळरानाची जमीन देऊ केली. त्यावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. महाराष्ट्रातील एका मोठ्या कारखानदारीचे मूळ सायकलच्या पंक्चरांत आहे, याची दखल येथून जाणाऱ्या सायकलस्वाराने तरी घ्यावी. कुंडल हे नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या चळवळीचेही ठाणे. तेथून सागरेश्वराचा चढ सुरू होतो. उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून वनराई उभी राहिली आणि १९८५ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर, परंतु सांबर आणि चितळ कुंपणापलीकडे दिसतात. डोंगर उतरला की यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे.

औंध संस्थान एकसंध नव्हते, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले होते. कुंडल एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, राजधानी औंध तिसरीकडे. हे तिन्ही तुकडे सायकलने जोडण्याइतका चांगला दोन-तीन दिवसांचा बेत या भागात दुसरा नाही. आटपाडीजवळ संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केलेली स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत आहे. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागची प्रेरणा तीच. विट्याहून मायणीच्या तलावाकडे आणि पुढे औंधला जाताना द्राक्षे विरळ होत ज्वारी आणि माळ सुरू होतो. औंधला यमाईच्या डोंगराची चढण आणि तेथील वस्तुसंग्रहालय ही दोन्ही थांबण्याजोगी.

साताऱ्याच्या पश्चिमेला द्राक्षाचा संबंध संपतो. यवतेश्वर घाटातून कासपर्यंतचा सुमारे २५ किलोमीटरचा चढ, किंवा सज्जनगडाच्या पायथ्याने ठोसेघर आणि पवनचक्क्यांचे चाळकेवाडी पठार, हे मार्ग दमसासाची परीक्षा घेणारे आहेत. सप्टेंबरच्या फुलांच्या हंगामात कासचा रस्ता मोटारींनी भरतो, तेव्हा तिकडे सायकल नेण्यात अर्थ नाही. नोव्हेंबरात तोच रस्ता रिकामा असतो.

एप्रिलमधील खरड छाटणीनंतर बागा बोडक्या दिसतात. ऑक्टोबरच्या आसपासच्या फळछाटणीपासून साधारण चार महिन्यांत माल तयार होतो. पाहण्याच्या दृष्टीने जानेवारी ते मार्च उत्तम, मात्र उन्हाआधी घरी परतावे. वारा बहुतेक पश्चिमेचा. ढालगाव आणि खानापूरच्या पठारांवरील पवनचक्क्या त्याची साक्ष देतात. मिरजेहून पूर्वेला जाताना तो पाठीशी असतो आणि येताना छातीवर, याचा हिशेब अंतर ठरवताना धरावा. बागेत विचारल्याशिवाय शिरू नये आणि घडाला हात लावू नये. निर्यातीच्या मालाला औषधांच्या अवशेषांची कडक चाचणी असते, आणि फवारणीच्या दिवशी तर बांधावरूनही दूर राहणे बरे. मालक भेटला तर घड बहुधा न मागता हातात येतो.

धोके ओळखीचे आहेत. ऊसतोडीच्या हंगामात पहाटे व संध्याकाळी रिफ्लेक्टर नसलेल्या दुहेरी ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. ट्रॅक्टरवरचा टेप इतका मोठा लावलेला असतो की मागची घंटी चालकाला ऐकू येत नाही. त्यामुळे चालकाने आपल्याला आरशात पाहिल्याची खात्री झाल्याशिवाय ओव्हरटेक करू नये. गावाच्या वेशीवरचे गतिरोधक बहुधा रंगाविना असतात. बाभळीचे काटे मात्र सर्वांत जास्त वेळ खातात. कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या रस्त्याकडेला ओढून नेतात आणि काटे डांबरावर राहतात. बारीक टायरवाल्याने दोन ट्यूब, पॅच आणि पंप जवळ ठेवावेत, कारण मोटारसायकलचे पंक्चर काढणारा प्रत्येक फाट्यावर सापडतो, पण रोड सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला बसणारी नळी त्याच्याकडे नसते.