वानखेडे स्टेडियम (जुने)

मुंबईत चर्चगेट व मरीन लाइन्स या स्थानकांच्या दरम्यान, रेल्वेमार्गाला खेटून १९७५ साली उभे राहिलेले क्रिकेटचे मैदान. २०११ च्या विश्वचषकासाठी त्याचा मोठा भाग पाडून नवी बांधणी करण्यात आली.

मैदानाचा जन्म तिकिटांच्या भांडणातून झाला. तोवर मुंबईतील कसोटी सामने जवळच्याच ब्रेबॉर्न स्टेडियमवर होत. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे असल्याने यजमान बॉम्बे क्रिकेट असोसिएशनला तिकिटांसाठी क्लबकडे हात पसरावे लागत. १९७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीनंतर वाद विकोपाला गेला. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे विदर्भातले राजकारणी. त्या वेळी ते विधानसभेचे अध्यक्षही होते. स्वतःचेच स्टेडियम बांधायचे त्यांनी ठरवले. वास्तुरचनाकार शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार सुमारे तेरा महिन्यांत काम उरकले. इतक्या थोड्या अवधीत, इतक्या चिंचोळ्या जागेत हे साधले, ही मोठीच करामत होती. घाईच्या खुणा मात्र राहिल्याच: उघड्या काँक्रीटच्या पायऱ्या उन्हात तापत आणि खालच्या सोयी तुटपुंज्या पडत.

जानेवारी १९७५ मधील पहिल्या कसोटीत वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याच्या द्विशतकानंतर अभिनंदनासाठी मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारहाण केली आणि नव्याकोऱ्या मैदानात दंगल उसळली. मन्सूर अली खान पतौडी यांचा हा अखेरचा कसोटी सामना.

फेब्रुवारी १९८० मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडविरुद्ध झालेल्या कसोटीत पहिल्या दिवसानंतर लगेच विश्रांती देण्यात आली, कारण १६ तारखेला सूर्यग्रहण होते. पुढे इंग्लंड ५ बाद ५८ असे कोलमडल्यानंतर पंचांनी बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिले. चेंडू बॅटला लागला नसल्याची खात्री पटल्याने भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याने त्याला परत बोलावले. टेलर आणि शतकवीर इयान बोथम यांनी १७१ धावांची भागी रचली व सामना भारताच्या हातून गेला. या मैदानावरच्या साऱ्या विक्रमांहून विश्वनाथचे हे वागणे मोठे मानावे लागेल. याच सामन्यात बोथमने १३ बळी, तर टेलरने १० झेल घेतले.

१० जानेवारी १९८५ रोजी बडोद्याच्या तिलक राजच्या एका षटकात रवी शास्त्रीने सहा षटकार मारले आणि ११३ मिनिटांत द्विशतक पुरे केले. १९८७ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात इंग्लंडच्या ग्रॅहॅम गूचने स्वीपचा सपाटा लावून ११५ धावा केल्या. सुनील गावसकरचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. तो ४ धावांवर त्रिफळाचीत झाला. १९९१ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबई हरियाणाकडून अवघ्या दोन धावांनी हरली. नाबाद १३९ वर उभ्या दिलीप वेंगसरकरला तिथेच रडू कोसळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिवसैनिकांनी खेळपट्टी उखडली व पाकिस्तानचा दौरा रद्द झाला.

२००८ नंतरच्या पुनर्बांधणीत उत्तर व दक्षिण बाजूंचे प्रेक्षागार नव्याने उभारले गेले. आड येणारे खांब टाळून टेफ्लॉनच्या कापडाचे अधांतरी छत बसवले. बैठक सुटसुटीत झाली, पण क्षमता सुमारे ४५,००० वरून ३३,००० च्या आसपास उतरली. २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तो या नव्या रचनेत.