डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जचं भूत

परवा लॅपटॉपवर थोडी जागा करायला बसलो होतो. विंडोज ११ आहे. लपवलेल्या सिस्टीम फायलीही दाखव म्हणून सांगितलं, तर सी ड्राइव्हमध्ये एक जुनी ओळखीची पाटी दिसली: डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज. क्लिक केलं, तर 'ॲक्सेस डिनाइड'. मशीन माझं, ॲडमिन मी, आणि मलाच दारातून परत!

या पाटीचं आणि माझं जुनं वैर आहे. २००४ साली पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो. कोडिंग करायचो आणि मशीन फॉरमॅट करायचं कामही माझ्याच गळ्यात असायचं. अकाउंट्सच्या मॅडमचं एक्सपी व्हायरसने पार झोपलं होतं. मी माय डॉक्युमेंट्स कॉपी केलं, डेस्कटॉप कॉपी केला, "मॅडम, सगळं घेतलंय" म्हणालो आणि फॉरमॅट मारला. संध्याकाळी त्यांनी आउटलुक उघडलं. रिकामं. मेल पीओपीने यायची, म्हणजे मशीनवर उतरली की सर्व्हरवरून पुसली जायची. घरी नेट नव्हतं, त्यामुळे अमेरिकेतल्या मुलाची तीन वर्षांची पत्रंही त्यातच होती.

माझी चूक होतीच. पण ती मेल अशा कोपऱ्यात का ठेवली होती, हे कळायला मला बराच मागे प्रवास करावा लागला.

एकाच कॉम्प्युटरवर अनेक माणसं, ही भानगड पीसीपेक्षा जुनी. एमआयटीत नोव्हेंबर १९६१ मध्ये सीटीएसएस ही सिस्टीम पहिल्यांदा दाखवली गेली. तिच्यात प्रत्येकाच्या फायली वेगळ्या, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. आणि पहिला घोळही फोल्डरचाच! सिस्टीम सांभाळणारे सगळे एकच डिरेक्टरी वापरायचे आणि एडिटर तात्पुरत्या फाइलला दर वेळी तेच नाव द्यायचा. एकदा एक जण स्वागताचा संदेश बदलत होता, तेव्हाच दुसरा पासवर्डची फाइल. दोन्हींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागत म्हणून सगळ्यांचे पासवर्ड दिसायला लागले. सीटीएसएसचे जनक फर्नांडो कोर्बातो यांनी हा किस्सा स्वतःच ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलाय.

मग पीसी आला आणि 'एक मशीन, एक मालक' झालं. विंडोज ९५ मध्ये प्रोफाइल होती, पण मुळात बंद असायची. पासवर्ड विचारला तर कॅन्सल दाबायचं, की आपण आत! ऑफिसात हे कसं चालणार? १९९६ च्या एनटी ४ मध्ये खरी कुलपं होती, पण माणसांची प्रोफाइल विंडोजच्याच फोल्डरच्या पोटात. २००० मध्ये विंडोज २००० आलं तेव्हा कुठे माणसांना स्वतंत्र वाडा मिळाला, तोच हा डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज.

मोठ्या कंपन्यांत रोमिंग प्रोफाइल असायचं. कुठल्याही मशीनवर बसा, लॉगिन केलं की तुमचं प्रोफाइल सर्व्हरवरून उतरणार, लॉगऑफला परत चढणार. कुणी डेस्कटॉपवर गाणी भरून ठेवली असली, की चहा पिऊन आलं तरी लॉगिन चालूच. म्हणून जड किंवा त्या मशीनपुरत्या गोष्टी प्रवासातून वगळायची सोय होती: लोकल सेटिंग्ज नावाचं फोल्डर. ते नेहमीच्या नजरेला न दिसणारं, आणि त्याच्या आत ॲप्लिकेशन डेटा, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात आउटलुक, त्यात ती पीएसटी फाइल.

आमच्याकडे रोमिंग सोडा, धड सर्व्हरही नव्हता. मोठ्या कंपन्यांचं नेटवर्क तुंबू नये म्हणून केलेल्या कोपऱ्यात मॅडमच्या मुलाची पत्रं पडली होती. मी दिसणारं घर रिकामं केलं, माळा राहिला.

व्हिस्टाने (कंपन्यांना २००६ च्या शेवटी, घरगुती लोकांना २००७ मध्ये) वाड्याचं नाव बदलून युजर्स केलं आणि लोकल सेटिंग्जचं ॲपडेटामधलं लोकल. पण तोवर कितीतरी प्रोग्रॅमर्सनी जुना पत्ता कोडमध्ये थेट लिहून ठेवलेला. (जर्मन विंडोजवर तो पत्ता जर्मनमध्ये असायचा, तिथे हे कोड आधीच आपटायचं. विंडोजला विचारा ना फोल्डर कुठाय! असो, मीही लिहिलेत.) त्या प्रोग्रॅम्ससाठी जुन्या नावाचं एक नुसतं दार ठेवलं, जे आत युजर्सकडेच जातं. दारातून डोकावून यादी बघायला मनाई, नाहीतर बॅकअप प्रोग्रॅम त्याच फायली पुन्हापुन्हा मोजत बसतील. पूर्ण पत्ता ठाऊक असेल तर मात्र आत जाता येतं.

आउटलुक २०१० पासून नवी पीएसटी डॉक्युमेंट्समध्येच, डोळ्यांसमोर ठेवतं. सहा वर्षं उशीर झाला.

मॅडमनी मला कधीच बोल लावला नाही. "जाऊ दे रे, पाठवेल तो परत" एवढंच म्हणाल्या. त्याने काही पाठवलीही. सेंट आयटममध्ये होती तेवढी.

परवा कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि तो जुना पत्ता आउटलुकच्या फोल्डरपर्यंत अख्खा टाइप केला. एकदाही चुकलो नाही. एंटर मारला आणि माझ्या आजच्या मेलच्या फायलींची यादी समोर आली.