माळवदाचा धडा

लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांत इतिहासाच्या खुणा पावलोपावली आढळतात. औसा व उदगीर येथील किल्ले, खरोशाची लेणी, राष्ट्रकूटांचे नाव सांगणारा कंधारचा खंदकवेष्टित दुर्ग, ही त्यांतील ठळक स्थळे. अशा स्थळांच्या सान्निध्यात शाळा-महाविद्यालये उभारताना ती कशी असावीत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शोभेचा वाटतो. आमच्या मते तो मुलांच्या जिवाचा आणि सुखाचाही प्रश्न आहे.

या प्रदेशात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. आपल्या पूर्वजांनी त्यावर विजेवाचून उपाय शोधला होता. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, लाकडी खांब-तुळयांचे खण आणि वर मातीचे जाड माळवद. दिवसाची उष्णता भिंतीतच मुरे आणि घर गार राही. विद्यालयाच्या वास्तूतही हा विचार दिसतो. उदगीरहून फारशा दूर नसलेल्या बीदर येथे महमूद गावानने १४७२ च्या सुमारास तीन मजली मदरसा बांधला. मध्ये प्रशस्त चौक आणि भोवती उजेड-वारा खेळेल अशी खोल्यांची मांडणी, हे त्या वास्तूचे वैशिष्ट्य. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने तिचा मोठा भाग ढासळला. तरी उरलेला भाग आजही तिच्या रचनेची साक्ष देतो.

परंतु जुन्याचे केवळ गुणगान करून भागणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे जमीनदोस्त झाली. सरकारी आकड्यानुसारच जवळजवळ आठ हजार माणसे दगावली. ज्या भिंतींनी पिढ्यान्पिढ्या गारवा दिला, त्यांच्याखालीच झोपलेली कुटुंबे गाडली गेली.

मग दोष दगडाचा होता काय? भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते. मध्ये भर होती ती चिखल-दगडगोट्यांची. गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे माती चढवून माळवदाचे ओझे वाढले होते. भिंती कोसळल्या, तरी कित्येक ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा उभाच राहिला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

भूकंपानंतर दगडाविषयी धास्ती बसली आणि सिमेंटच्या घरांकडे ओढा वाढला. ती घरे उन्हात तापतात आणि गारव्यासाठी विजेवर विसंबतात. तेव्हा उपाय हवा तो दोन्ही धडे एकत्र जोडणारा. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसवावेत, दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सलोह काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवावा, छप्पर हलके करून त्यावर पांढरा लेप द्यावा. वर्ग उत्तर-दक्षिण खिडक्यांचे असावेत, मध्ये चौक व कडुनिंबाची सावली असावी. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे स्मरून छपरावरचा प्रत्येक थेंब साठवावा. आणि इमारत बसकी, तटापासून दूर असावी, म्हणजे पायाखालचे अवशेष व दुर्गाचे दर्शन दोन्ही अबाधित राहतील.

वारसा जपणे म्हणजे जुन्या घराची नक्कल करणे नव्हे. पूर्वजांचे शहाणपण घ्यावे आणि त्यांच्या उणिवेची किंमत मुलांना पुन्हा मोजावी लागू नये, एवढे तरी आपण पाहिलेच पाहिजे.