बोरामणीचा चक्रव्यूह आणि आमचे अंगण

चक्रव्यूह म्हटला की अभिमन्यू आठवतो. आत शिरण्याची विद्या त्याला होती, बाहेर पडण्याची नव्हती. सोलापूर जिल्ह्यातील बोरामणीच्या माळरानावर ज्या दगडी आकृतीकडे २०२५ साली पुरातत्त्व अभ्यासकांनी लक्ष वेधले, तिलाही हेच नाव मिळाले आहे. परंतु ते थोडे फसवे आहे. लहान दगडांच्या ओळींनी आखलेली ही वर्तुळाकृती सुमारे ५० फूट रुंद असून तिच्यात १५ वलये आहेत. भूलभुलैयात फाटे असतात, माणूस चुकतो. अशा आकृतीत वाट एकच असते. ती वळणे घेत मध्याशी नेते आणि त्याच पावलांनी परत आणते.

बोरामणीची रचना सुमारे २,००० वर्षांपूर्वीची, सातवाहनकालीन असावी आणि रोमन व्यापाराशी तिचा संबंध असावा, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. क्रीट बेटावरील प्राचीन नाण्यांवर असाच आकार आढळतो. रोमन व्यापाराचा माग आमच्या नगर जिल्ह्यातही आहे: नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. तरीही आकाराचे साम्य ही सूचना आहे, पुरावा नव्हे, असे आम्हांस वाटते. कारण ही आकृती अनेक देशांनी, अनेक शतके काढली आहे.

ख्रिस्तसभेनेही ती आपली मानली. अल्जीरियातील आजच्या श्लेफ शहरी इ. स. ३२४ मध्ये पायाभरणी झालेल्या चर्चच्या फरशीत असा चक्रव्यूह होता आणि त्याच्या मध्यभागी 'पवित्र ख्रिस्तसभा' हे लॅटिन शब्द अक्षरांच्या चौकटीत गुंफलेले होते. फ्रान्समधील शार्त्र महामंदिरात तेराव्या शतकाच्या आरंभी ११ वलयांचा चक्रव्यूह फरशीत बसविला गेला. त्याचा व्यास सुमारे १३ मीटर, वाट मात्र २६० मीटरहून अधिक! जेरुसलेमला जाऊ न शकणारे भाविक तेथे गुडघ्यांवर चालत, असे सांगितले जाते. या कथेला मध्ययुगीन आधार सापडत नाही. ओसेरच्या महामंदिरात मात्र पुनरुत्थानाच्या सणाला धर्मगुरू चक्रव्यूहावर फेर धरीत आणि चेंडू झेलीत, याची नोंद आहे. १५३८ मध्ये ती प्रथा बंद पडली. रीम्सचा चक्रव्यूह तर १७७९ मध्ये उखडून टाकण्यात आला. कारण काय, तर त्यावर खेळणाऱ्या मुलांच्या गोंगाटाने उपासनेत व्यत्यय येई!

आम्हांस त्या मुलांची बाजू घ्यावीशी वाटते. चक्रव्यूह पाहण्याची वस्तू नाही, पायांनी वाचण्याची आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलने १९९५ मध्ये आपल्या आवारात उघड्यावर एक चक्रव्यूह बांधला आणि तो रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही खुला ठेवला. त्यानंतर अनेक देशांतील उद्यानांत व इस्पितळांच्या आवारांत असे मार्ग झाले.

बोरामणीला मात्र हा न्याय लावता येणार नाही. तेथील दगड सुटे आहेत. चार हौशी मंडळींनी ते हलविले की वाट कायमची मोडली. ज्या माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, त्याचा हा मुलूख. तेच अभयारण्य आमच्या कर्जत-श्रीगोंद्याच्या माळापर्यंत पसरविले गेले होते. पक्षी दिसेनासा झाल्यावर आम्ही हळहळलो. दगडांच्या बाबतीत तरी तेवढा उशीर नको. जुना चक्रव्यूह राखावा, चालण्यासाठी नवा आखावा. अहिल्यानगर शहरातील एखाद्या उद्यानात, शाळेच्या पटांगणात, किंवा मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात हजारो पावले येतात त्या हरेगावात तो का असू नये?

त्यास भिंत लागत नाही, छप्पर लागत नाही. दोन फुटांची वाट धरली तर सात वलयांच्या साध्या चक्रव्यूहाला सुमारे ३२ फुटांचे अंगण पुरते. आखणीही सोपी आहे. मधोमध एक क्रूस काढायचा, त्याच्या चार कोपऱ्यांत चार काटकोन, त्यांच्या पलीकडे चार ठिपके; मग वरच्या टोकापासून आरंभ करून एकेक टोक पुढच्या टोकाशी कमानीने जोडीत जायचे. दोरी, खुंटी आणि चुन्याची फक्की एवढे साहित्य पुरे.