विवाहवस्त्रें आणि घरचे कागद

हल्लीं विवाहासाठीं घराण्यांतील जुन्या वस्त्राच्या धर्तीवर नवें वस्त्र सिद्ध करविण्याची आवड पुष्कळ ठिकाणीं दिसते. आवड स्तुत्य आहे. परंतु तिच्यापायीं पेटींतल्या पैठण्या कातरल्या जातात आणि ज्यावरून नमुना घ्यावयाचा तें साधनच नष्ट होतें, म्हणून चार शब्द लिहिणें प्राप्त झालें.

प्रथम नांवाविषयीं. ‘पैठणी’ हें पद मूळचें विशेषण. पैठणचें तें पैठणी. यास्तव लग्नाच्या यादींत तो शब्द आढळतांच तें लुगडेंच असें धरून चालूं नये. शेला किंवा पागोटेंही असूं शकेल, विशेष्य पाहावें. पैठणच्या विणकामाची प्राचीनता सांगतांना ‘पेरिप्लस’चा दाखला देण्याची चाल आहे. इ. स. च्या पहिल्या शतकांतील हा ग्रीक ग्रंथ पैठणहून भडोचेस मौल्यवान दगड जात असें सांगतो. जाडेंभरडें कापड व मलमल मात्र तो तगर, म्हणजे तेर, येथील म्हणून देतो. ज्यांस आपल्या पदरावरचा मोर सातवाहनांपर्यंत उडवावयाचा आहे त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

वस्त्र वाचावयाचें तें उलट अंगानें. अस्सल पैठणीच्या पदरांत निरनिराळ्या रंगांचे आडवे धागे एकमेकांत अडकवून आकृति विणलेली असते. मागें धागे लोंबत नाहींत व दोन्ही अंगें जवळजवळ सारखीं दिसतात. नव्या पोशाखास अस्तर लावलें कीं नेमकें हेंच अंग झांकलें जातें.

रंगाचें प्रकरण याहून नाजूक. कुसुंब्याचा तांबडा रंग उन्हानें व धुण्यानें उडतो. यादींत ‘कुसुंबी’ आणि हातांत फिक्कट वस्त्र, एवढ्यावरून यादी खोटी ठरत नाहीं. घडीच्या आंत, शिवणीखालीं मूळ छटा राहिली आहे काय तें पाहावें. उलटपक्षीं रासायनिक परीक्षेंत जांभळा रंग कृत्रिम ठरल्यास तें लुगडें पेशवाईंतील ही घरची आख्यायिका सोडावी लागते. पेशवाई १८१८ त संपली आणि पर्किननें पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला तो १८५६ त.

जुनी जर म्हणजे रुप्याच्या तारेवर सोन्याचा मुलामा. त्या रुप्याच्या लोभानें जीर्ण लुगडीं जाळलीं जात. जाळणारा निदान इतिहासाचें नांव घेत नसे!

यास्तव मूळ वस्त्रास कात्री न लावतां काठाची रुंदी व पदराची लांबी मोजावी, दोन्ही अंगांचीं छायाचित्रें घ्यावीं आणि येवलें किंवा पैठण येथील विणकराकडून नवें विणवून घ्यावें. मूळ वस्त्र घडी न घालतां सुती फडक्यांत गुंडाळावें, कारण जुनें रेशीम घडीवर चिरतें. लग्नाची यादी मोडींत असल्यास तिचें बालबोध लिप्यंतर करून त्याची एक प्रत त्याच पेटींत ठेवावी.